रत्नागिरीहून जहाजापर्यंत, गाडीशिवाय

ताई, तुम्ही जे विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाच जणं रत्नागिरीहून निघणार: तुम्ही, यजमान, दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. चार मोठ्या बॅगा, शिवाय हातातलं. सहलीचं जहाज (क्रूझ) मुंबईहून संध्याकाळी सुटणार, चेक-इन दुपारी बारा ते तीन. घरची गाडी नाही. मग इथूनच भाड्याची गाडी करावी का, रेल्वेने गेलो तर मुंबईत जायचं-यायचं कसं, आणि सकाळी लवकर पोचलो तर जहाजाच्या आधी एलिफंटा उरकेल का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी चिपळूणचा. बावीस वर्षं सहलींचं काम करतो आणि जहाजाला माणसं पोचवायला लागलो त्याला आता सहा-सात वर्षं झाली. त्यातली एकही खेप मी चारचाकी घेऊन केलेली नाही, आणि यापुढेही करणार नाही. गाडी नाही ही काळजी तुम्ही आधी डोक्यातून काढा. सीएसएमटी स्टेशनपासून जहाजाचा धक्का दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि कोकणातल्या बऱ्याच गाड्या थेट त्याच स्टेशनात जाऊन थांबतात. काळजी करायची ती सामानाची आणि मधल्या तासांची. पहाटे पावणेसहाला उतरलात आणि आत घेणार बारानंतर, तर ते सहा तास चार बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन कुठे काढायचे? ते एकदा ठरलं की बाकीचं सोपं आहे.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करा: जहाज नेमकं कुठून सुटतं. हसण्यावारी नेऊ नका. मुंबईत बोटीत बसायच्या तीन जागा माणसांच्या डोक्यात असतात. पहिली गेटवे ऑफ इंडिया. तिथून मांडव्याच्या आणि एलिफंटाच्या लाँच सुटतात. दुसरी माझगावजवळचा भाऊचा धक्का. तिथून रेवस आणि मोऱ्याच्या लाँच, आणि मांडव्याची रो-रो, म्हणजे वाहनंही नेणारी मोठी बोट. तिसरी बॅलार्ड पियर, आणि मोठी प्रवासी जहाजं लागतात ती इथे. त्यात २०१८ साली सुरू झालेली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ माझगावच्या बाजूने सुटायची, त्यामुळे जुनी माहिती वाचून गेलेला माणूस हमखास चुकतो.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या गटातले गुहागरकडचे एक काका-काकू आदल्या दिवशी मुलीकडे उतरले होते. दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसले आणि म्हणाले, “बोटीवर जायचंय.” टॅक्सीवाल्याने सरळ भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडलं. त्याची काही चूक नव्हती, काकांचीही नव्हती. काकांच्या लहानपणी बोट म्हणजे कोकणची आगबोट, आणि आगबोट म्हणजे भाऊचा धक्का. तो दीडचा सुमार होता. मासळीच्या टोपल्या, बर्फाचं पाणी, हातगाड्या, आणि त्यात कडक इस्त्रीच्या कपड्यांत बॅगा घेऊन उभे असलेले दोघं. काकांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. जहाज कुठेच दिसेना, त्यामुळे ते निघून गेलं असंच त्यांनी धरलं होतं. पाऊण तासात ते योग्य जागी पोचले, पण काकूंचं बीपी वाढलं ते रात्रीपर्यंत उतरलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो: बॅलार्ड पियर, ग्रीन गेट.

मुंबई बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. टॅक्सीवाल्यांना ही नावं पाठ असतात. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं, पण नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ म्हटलं तर अजूनही कुणीकुणी बुचकळ्यात पडतं. ‘ग्रीन गेट’ म्हटलं की कळतं. तरी तुमच्या बोर्डिंग पासवर कुठलं गेट छापलंय ते पाहा आणि तेच खरं माना. अजून एक. बंदराचा भाग बंदिस्त असतो, गेटवर कागद बघितल्याशिवाय सोडत नाहीत. पोचवायला येणाऱ्या पाहुण्यांनी गेटबाहेरच निरोप घ्यायचा.

आता भाड्याची गाडी. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. साडेतीनशे किलोमीटर कागदावर सात-आठ तास दिसतात. पण महामार्गाची दशा तुम्हाला मी सांगायला नको. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट सुखाचा झाला हे खरं, पण माणगाव-इंदापूर पट्ट्यात जोडून सुट्ट्या आल्या की तास-दोन तास कुठे जातात कळत नाही. गाडी तुम्हाला सोडून रिकामी परतणार, तरी भाडं दोन्ही बाजूंचं. आणि इतके तास पाय दुमडून बसल्यावर सासूबाई गाडीतून उतरतील तेव्हा गुडघा सरळ होणार नाही, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय. रेल्वेत निदान उठून चार पावलं टाकता येतात, बाथरूम असतं, खालच्या बर्थवर पाय पसरता येतात. एसटीतही पाय दुमडूनच बसावं लागतं. स्वस्त आहे, भरवशाची आहे, मुंबई सेंट्रलला उतरवते आणि तिथून टॅक्सीने धक्का फार लांब नाही. एकटा तरुण माणूस असता तर मी एसटीच सुचवली असती.

रेल्वेच ठरवलीत तर कुठल्या स्टेशनात शेवट होणारी गाडी घेता, यावर निम्मं काम अवलंबून आहे. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत सीएसएमटीला जातात. तुतारी दादरला संपते. मत्स्यगंधा आणि नेत्रावती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला. कुर्ल्याहून किंवा दादरहून सीएसएमटी गाठणं म्हणजे पुन्हा जिने, पुन्हा गर्दी, पुन्हा बॅगा मोजणं. सामान आणि म्हातारं माणूस असेल तर मधे गाडी बदलायची नाही, हा माझा पहिला नियम. थेट सीएसएमटीची गाडी मिळत असेल तर दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी तीच घ्यावी. तिकीट काढताना ती गाडी त्या दिवशी सीएसएमटीपर्यंत जाणार आहे ना, हेही बघून घ्या. प्लॅटफॉर्मची कामं निघाली की काही गाड्या दादरला किंवा ठाण्यालाच थांबवतात.

इथे बरेच जण फसतात. जहाजाचं बुकिंग लोक सहा-सहा महिने आधी करतात आणि रेल्वेचं आरक्षण उघडतं फक्त ६० दिवस आधी. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. म्हणजे जहाज पक्कं, गाडी कच्ची, अशा अवस्थेत चार महिने जातात आणि मग तो दिवस विसरला जातो. कॅलेंडरवर आजच खूण करा. त्या दिवशी सकाळी आठला आरक्षण उघडतं. गणपती, दिवाळी, मे महिना यांच्या आसपास असेल तर आठ वाजून पाच मिनिटांनी काही उरत नाही. आणि सासूबाईंचं वय तिकिटावर बरोबर घाला, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा खालचा बर्थ मागता येतो. पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं की तो बहुतेक वेळा मिळत नाही, सोबत तरुण माणूस असलं तरी तेच. सासूबाईंचं एकट्यांचं वेगळं काढा.

गाडी लेट झाली तर काय, ही भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी नाही. कोकण रेल्वे बव्हंशी एकेरी मार्ग आहे. रोहा ते वीर एवढाच तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. बाकी ठिकाणी समोरून गाडी येणार असली की आपली क्रॉसिंगला उभी. एकीला उशीर झाला की तिच्या मागे चार जणींना होतो. पावसाळ्यात वेगमर्यादा असते आणि वेळापत्रकच वेगळं लागतं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं, त्याआधी ते ऑक्टोबरअखेरपर्यंत चालायचं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात जहाज पकडणाऱ्यांनी रत्नागिरीहून गाडीची वेळ पुन्हा तपासायलाच हवी, नेहमीची धरून चालू नये. आणि जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा दिवसभर गाड्या अडकल्या होत्या, हे चिपळूणकरांना विसरता येणार नाही.

म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये मी कुणालाही त्याच दिवशी पोचणारी गाडी सुचवत नाही, एक दिवस आधी मुंबईत. नोव्हेंबर ते मे कोकणकन्येने त्याच सकाळी गेलं तरी चालतं, कारण ती पहाटे सहाच्या आत पोचते आणि चार तास लेट झाली तरी दहा वाजतात. मी स्वतः असे गट नेलेत. लेट गाडीत लोक घाबरून ठाण्याला किंवा दादरला उतरतात आणि लोकल पकडायला जातात. तसं करू नका. बसून राहा, गाडी जाणार तिथेच आहे. सकाळी आठ ते अकरा या वेळात सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅग घेऊन शिरणं मुंबईकरालाही जमत नाही.

गाडी पनवेललाच साडेअकरा-बाराला पोचली आणि आता काही खरं नाही असं वाटलं, तरच उतरायचं. पनवेलला अ‍ॅपवरून मोठी गाडी बोलवा आणि अटल सेतूने या. जानेवारी २०२४ मध्ये सेतू सुरू झाल्यापासून ही सोय झालीय. सेतू शिवडीला उतरतो, तिथून ईस्टर्न फ्रीवेला लागायचं आणि फ्रीवे संपतो तो ऑरेंज गेटला. मग पी. डिमेलो रोडने सरळ बॅलार्ड पियर. कारचा सेतूचा टोल एका फेरीला २५० रुपये आहे. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू असल्याने शेवटचा तुकडा रखडतो, तिथे अर्धा तास जास्तीचा धरा. हा मार्ग मी एकदाच वापरलाय, पण त्या दिवशी बारा माणसांचं जहाज त्यानेच वाचलं.

आता तुमच्यासाठी काय. घरात दुखरे गुडघे आहेत, लहान मुलं आहेत, सामान बरंच आहे. मी असतो तर आदल्या दिवशीच्या मांडवीने गेलो असतो. दुपारी रत्नागिरीहून बसायचं, रात्री दहाच्या आतबाहेर सीएसएमटी. गाडीतच जेवण होतं. स्टेशनच्या जवळ, फोर्टात किंवा जीपीओच्या मागच्या बाजूला, लिफ्ट असलेली साधी खोली आधी ठरवून ठेवायची. लिफ्ट आहे का हे फोन करून विचारा. त्या भागातल्या इमारती जुन्या, उंच जिन्यांच्या. ‘पहिला मजला’ सांगतात आणि तो आपल्या दोन मजल्यांइतका निघतो. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी, नाश्ता, सासूबाईंची गोळी वेळेवर, आणि खोली सोडायच्या वेळी थेट जहाजाकडे. एका रात्रीचं भाडं जातं, पण सहलीचा पहिला दिवस थकव्यात जात नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर कोकणकन्या. तिकिटाच्या पीएनआरवर सीएसएमटीची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातली भाड्याची खोली, मिळते का ते आधी पाहा. मिळाली तर यासारखं दुसरं सुख नाही. नाही मिळाली तर वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, आणि सामान क्लोक रूममध्ये. क्लोक रूमवाले कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट मागतात. चेन ओढून घेतली, एवढ्यावर भागत नाही. दरवेळी कुणीतरी पहाटे सहाला कुलूप शोधत फिरतं, म्हणून मी माझ्या पिशवीत सहा छोटी कुलुपं ठेवतो. पावती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. हमाल लागला तर बॅगा उचलायच्या आधी पैसे ठरवा, आणि सासूबाईंसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तीही स्टेशनातच मागा, लाजू नका. जहाजाच्या टर्मिनलवर हवी असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं.

मुंबईत नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे उतरू का, हे पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. गिरगाव, लालबाग, परळ, दादरला कुणी असेल तर खुशाल उतरा. डोंबिवली, कल्याण, विरारला असतील तर परतीच्या वेळी जा. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत चार बॅगा घेऊन सीएसएमटीला येणं म्हणजे जहाजाआधीच अर्धा जीव जाणं. रविवार असेल तर गर्दी नसेल, पण मेगाब्लॉक असेल. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी साधारण अकरा ते चार गाड्या वळवतात, काही रद्द करतात, आणि तुमची चेक-इनची वेळ नेमकी त्यातच येते. अंधेरी, मरोळ, वांद्र्याकडचे नातेवाईक असतील तर आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तिसरी मार्गिका आरे ते कफ परेड पूर्ण चालू झाली. तिचं सीएसएमटीचं वेगळं स्टेशन आहे, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, आणि भाडं लांबात लांब ७० रुपये. सामानासह मला मेट्रो लोकलपेक्षा कितीतरी बरी वाटते.

शेवटचे दीड-दोन किलोमीटर. आपल्याकडे स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्या असतात, तशा इथे मिळणार नाहीत. मुंबई शहरात माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षाच चालत नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी करायची. पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, फेब्रुवारी २०२५ पासून. रात्री बारा ते पाच सव्वापट. डिकीतल्या सामानाचे वेगळे. म्हणजे मीटरने पन्नास-साठच्या वर जाऊ नये. पण एवढ्या जवळचं भाडं बरेच टॅक्सीवाले घेत नाहीत, किंवा दोनशे सांगतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. मी सरळ म्हणतो, “मीटर टाका, वर पन्नास देतो.” सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि एक बारकी गोष्ट, जी आधी कुणी सांगत नाही. या टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. टाकीच्या पुढे उरते ती जागा एका मध्यम बॅगेची. बाकीच्या छपरावरच्या कॅरियरवर, दोरी लावून. त्यात टॅक्सीत बसतात चार. तुम्ही पाच जण, म्हणजे दोन टॅक्स्या, किंवा अ‍ॅपवरून सहा-सात जणांची मोठी गाडी. दोन टॅक्स्या केल्यात तर प्रत्येकीत एक तरी मोठं माणूस बोर्डिंग पास आणि आधार कार्डांसह बसेल असं बघा. कागद सगळे यजमानांच्या खिशात आणि यजमान मागच्या टॅक्सीत, असं झालं की पुढची टॅक्सी गेटवर उन्हात उभी.

स्टेशनातून बाहेर कुठून पडता तेही बघा. बाहेरगावच्या गाड्यांच्या शेवटच्या प्लॅटफॉर्मांकडून, चौदा ते अठराच्या बाजूने, पी. डिमेलो रोडला बाहेर पडता येतं. बॅलार्ड इस्टेट त्याच बाजूला आहे. लोक सवयीने पुढच्या मोठ्या दरवाजाने बाहेर पडतात आणि महापालिकेसमोरच्या गर्दीत अडकतात. ज्यांचे पाय धड आहेत आणि पाठीवर एकच सॅक आहे त्यांनी चालत जावं. जीपीओवरून वालचंद हिराचंद मार्ग धरला की वीस मिनिटांत बॅलार्ड इस्टेट. दोन्ही बाजूंना दगडी, एका उंचीच्या, एका ढंगाच्या इमारती. जॉर्ज विटेटच्या हातचं काम, ज्याने गेटवेही उभारलं. पूर्वी रेल्वेचे रूळ थेट बॅलार्ड पियरपर्यंत होते आणि विलायतेच्या बोटीतून उतरलेली माणसं धक्क्यावरच फ्रंटियर मेलमध्ये बसत. मुलांना हे सांगा, त्यांना आवडेल. रविवारी मात्र हा भाग ओस असतो, कचेऱ्या बंद, खाण्याच्या बहुतेक जागा बंद. जेवण स्टेशनाच्या किंवा फोर्टच्या बाजूलाच उरकून या.

एलिफंटा? नाही, ताई. लाँचला जायला तास, यायला तास, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. परतीची लाँच रखडली तर तुम्ही समुद्रात, आणि जहाज धक्क्यावरून तुमच्या डोळ्यांदेखत निघालेलं. जहाजाच्या दिवशी पाण्यावर दुसरी कुठलीही फेरी करायची नाही, यात मी कुणाचं ऐकत नाही. सामान क्लोक रूममध्ये टाकून नाश्ता करा, मग टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सावली आहे, बसायला बाकं आहेत, मुलांना बघायला ढीगभर आहे. तिथून गेटवे हाकेच्या अंतरावर. साडेअकरापर्यंत स्टेशनात परत, सामान सोडवायचं, आणि बाराला निघायचं. चेक-इन तीनपर्यंत असलं तरी तीनची वाट बघू नका. अडीचला तिथे पाचशे माणसांची रांग असते, सव्वाबाराला पन्नासांची.

अलिबाग, मुरूड, रेवदंड्याकडचे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तुम्ही रस्त्याने वळसा घालूच नका. मांडव्याहून कॅटामरानने गेटवेला या, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर दोन किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा रो-रोने भाऊच्या धक्क्याला. पाण्यावर दुसरी फेरी नको म्हणालो ते खरं, पण मांडव्याहून पहिल्या-दुसऱ्या फेरीने निघालात तर दुपारपर्यंत हातात चार तास राहतात.

सामानाबद्दल थोडं, कारण धक्क्यावर सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. मोठ्या बॅगा आत शिरतानाच घेतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळपर्यंत येतात. सासूबाईंची औषधं, चष्मा, एक पातळ शाल आणि मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली बॅगेत सापडली तर बाहेर काढतात. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चालत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा, नाहीतर त्या आदल्या रात्री जागून घावने आणि चटणी करतील आणि ती गेटवर टाकताना त्यांच्या जिवाला लागेल. माझ्या एका गटात देवरुखच्या एक आजी होत्या. त्यांच्या पानाच्या डब्यात पितळी अडकित्ता होता, सासूने दिलेला. एक्स-रेमध्ये तो दिसला आणि धारदार वस्तू म्हणून बाजूला काढला. आजी तिथेच बसल्या, म्हणाल्या, हा घेतलात तर मी येत नाही. शेवटी पावती करून तो ठेवून घेतला आणि उतरताना परत मिळाला. पण तासभर रांग अडली आणि आजींचं तीन दिवस कशात लक्ष नव्हतं. निघायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांची हातपिशवी त्यांच्यासोबत बसून एकदा उघडा. परस्पर काढू नका, त्यांना विचारून घरी ठेवा.

परतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आत्ताच ठरवावं लागेल, कारण ६० दिवसांचा हिशोब त्यालाही लागतो. जहाज सकाळी लागतं आणि तुम्ही नऊ-दहापर्यंत बाहेर पडता. तोवर आपल्याकडच्या सकाळच्या गाड्या निघून गेलेल्या असतात: जनशताब्दी आणि वंदे भारत साडेपाचच्या आत, तेजस सहाच्या आत, मांडवी सातला. मग उरते रात्री अकराची कोकणकन्या, किंवा कुर्ल्याहून दुपारची मत्स्यगंधा. नेत्रावती साडेअकराच्या सुमारास कुर्ल्याहून निघते. जहाज उशिरा लागलं तर ती हुकेल, तिच्या नादी लागू नका. परतीला मी मत्स्यगंधेसाठी माझा नियम मोडतो. हातात चार-पाच तास असतात, एकच मोठी टॅक्सी धक्क्यावरून थेट कुर्ल्याला जाते, मधे जिना येत नाही, आणि रात्री तुम्ही रत्नागिरीत. डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे जायचं असेल तर तोही हाच दिवस, दुपारच्या रिकाम्या लोकलने, आणि रात्री कोकणकन्या ठाण्याहून पकडायची.

तुमच्या बोर्डिंग पासवरचं गेट, तारीख आणि वार एवढं कळवा. वार रविवार असेल किंवा तारीख जून ते ऑक्टोबरमधली असेल तर मांडवीच घ्या, कोकणकन्येचा विचार करू नका. आणि आरक्षण उघडायच्या दिवशी सकाळी पावणेआठला लॉगिन करून बसा.